अनारशांच्या डब्यातली ड्राइव्ह

कुंतामावशी गेली, असं वरठीतले लोक सांगतात. मी ऐकून घेतो, मान हलवतो, पण आतून पटत नाही. जिनं उभ्या जन्मात कुणाचं एक ऐकलं नाही, ती यमाचं ऐकेल होय? तो दारात आलाच असेल, तर मावशीनं आधी त्याला झापलं असेल, "कोन्या गावचा बे तू? रेडा तिकडं बांध. इथं गिऱ्हाइकाच्या गाड्या लागतेत." आणि तो बिचारा रेडा घेऊन अजून वरठीत जागा शोधत फिरत असणार.

मी तेव्हा वरठीच्या स्टील प्लांटात होतो आणि मावशीच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खाली तिचं दुकान. पंखे, मिक्सर, रेडिओ, टीव्ही, जे कुणी घेऊन येईल ते तिथं दुरुस्त व्हायचं. निदान पहिल्यासारखं तरी राहायचं नाही. मावशी दिसायला एवढीशी. अंबाड्यात फुलाच्या जागी टेस्टर खोचलेला. चष्म्याची एक काडी दुकानातून आलेली, दुसरी तांब्याच्या तारेची. पण आवाज! उंबऱ्यात उभी राहून "अरे भाऊ, थांब!" असं ओरडली की स्टेशनातून सुटलेली गाडी पुन्हा फलाटाला लागायची. एकदा तिनं एका सायकलवाल्याला हाक मारली, तर प्लांटातला क्रेनवाला क्रेन सोडून धावत आला, "मावशी, मले बलावलं का?" माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. डोळे तेवढे मिटलेले होते, कारण मी रात्रपाळी करून झोपलो होतो.

'खराब' हा शब्द तिच्या दुकानात चालत नसे. कुणी म्हटलं, "मावशी, मिक्सर खराब झाला," की ती त्या मिक्सरवर हात ठेवून म्हणायची, "खराब तू असशील. हा रुसला आहे. घरात भांडन झालं का?" आणि गिऱ्हाईक खरंच सांगायला लागायचं. अर्ध्या वरठीचे नवरा-बायकोचे तंटे मिक्सरच्या निमित्तानं त्या दुकानात मिटले. मिक्सर चालू झाले का, ते विचारू नका.

स्वतःची चूक कबूल करणं हे तर तिच्या रक्तातच नव्हतं. साकोलीचा एक वकील टेबलपंखा घेऊन आला. मावशीनं मोटर पुन्हा गुंडाळली, पण वायर जोडताना काय झालं कोण जाणे, पंखा उलटा फिरायला लागला. आठवड्यानं वकील परत आला.

"मावशी, हवा मागून येऊन राहिली ना जी."

"मंग मागं बसा."

"पण पंख्याच्या मागं कोन बसते?"

"आजपावेतो पुढं बसून तुमचा काय उजेड पडला, वकीलसाहेब? एकही केस जिंकली का?"

वकील पंखा उचलून गेला. म्हणतात, तेव्हापासून तो मागेच बसतो आणि केसेस जिंकतो. या म्हणण्याचा उगम मावशीच आहे, हे मला मागाहून कळलं.

तिला एकच गोष्ट सहन होत नसे. 'जमत नाही' असं कुणी म्हटलं, की तिचं डोकं फिरायचं. त्याला कारण होतं. मावशी रामटेक्यांची, बौद्ध घरातली. तिचे यजमान, आमचे काका, कुणब्याचे. दोघं भंडाऱ्याला एकाच वर्गात रेडिओ दुरुस्ती शिकत होते, आणि शिकता शिकता त्यांनी लग्न करून टाकलं. दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं: हे जमणार नाही. मावशीनं आडनावसुद्धा बदललं नाही. दुकानाच्या पाटीवर 'रामटेके रिपेरिंग' असं काकांच्याच हातानं रंगवून घेतलं. लोक काकांना रामटेकेभाऊ म्हणायचे आणि काका 'ओ' द्यायचे. त्या पाटीखाली दोघांचा संसार असा चालला, की दारं लावणारे म्हातारे पुढं रेडिओ दुरुस्तीच्या मिषानं तिथं चहा प्यायला यायला लागले.

आता गेमच्या मशीनकडं येतो. प्लांटातल्या कुण्या साहेबानं ते दुरुस्तीला टाकलं, साहेबाची बदली झाली आणि मशीन तिथंच राहिलं. वर्षभर वाट पाहून काकांनी ते टीव्हीला जोडलं. आत मोटारींच्या शर्यतीची डिस्क होती. काकांनी आयुष्यात सायकलपलीकडं काही चालवलेलं नव्हतं; पण त्या दिवशी टेस्टिंगला म्हणून बसले, ते जेवायलाही उठले नाहीत. वळणावर मोटार वळली की काका खुर्चीसकट वळायचे. मावशी बाजूला उभी राहून ओरडायची, "ब्रेक मारा! अहो, ब्रेक मारा! मेला ना तो!"

दिवाळी झाली की आमच्या भंडाऱ्याकडं गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. एकेका गावाचा एकेक दिवस. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात, दिवसा ढोलाच्या तालावर नाच्यांची दंडार गावभर फिरते, रात्री नाटक होतं आणि या गर्दीत पोरापोरींची स्थळंही पाहून घेतात. अड्याळकडच्या एका गावच्या मंडईत मावशी आणि काका टेम्पोत टीव्ही घालून ते मशीन नेऊ लागले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी मेहुणी दिली आहे. चिंचेखाली, जिलबीवाल्याच्या शेजारी त्यांची जागा. कमरेला करदोडा असलेल्या पोरापासून कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिथं मोटार चालवून जायचे. बैलांच्या पटात, म्हणजे शर्यतीत, नाव काढलेले शेतकरी मोटार वळवताना "हर्र, हर्र" करायचे आणि समोरच्या भिंतीवर नेऊन आदळायचे.

काका गेले. पुढच्या मंडईला मावशी एकटी गेली. रडली नाही. चिंचेखाली टीव्ही मांडला आणि ओरडली, "या रे! कोनाले मराचं आहे?" काकांच्या जागेवर बसायला त्या दिवशी रांग लागली.

आणि मग एका वर्षी, मंडई तोंडावर आलेली असताना मशीनमधली डिस्क वाचणारी ड्राइव्ह रुसली. डिस्क घ्यायची, घरघर करायची आणि बाहेर टाकायची. मावशीनं समजावलं, पुचकारलं, भिंग पुसलं, बाजूला चापट मारली. काही नाही. त्याच आठवड्यात मंडई समितीचे अध्यक्ष देवाजी दुकानात येऊन बसले. भला माणूस, पण प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायचा. साफ करून म्हणाले, "मावशी, साकोलीचा एक गेमवाला जागा मांगून राहिला. नवीन मशीन आहे त्याच्याकडं. डिस्क-बिस्क काही नाई. तुमचं तर बंद पडलं म्हनते."

"कोन म्हनते?"

"सगळेच म्हनतेत जी. आता पाहा, मंडईच्या दिवशी दंडार चिंचेपाशी येईपर्यंत तुमचं मशीन चालू दिसलं, तर जागा तुमची. नाई तर त्याची. मंग कायमची त्याची."

मावशीनं अंबाड्यातला टेस्टर काढला. देवाजी उठून उभे राहिले.

"चालू दिसंल," मावशी म्हणाली. "आन् त्या साकोलीवाल्याले सांगजा, टेम्पोचं भाडं फुकट जाईल म्हना."

मी तिच्यासोबत नागपूरला गेलो. गेलो म्हणजे, तिनं मशीन माझ्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुटली. तिथल्या दुकानात तिशीतला एक इंजिनियर होता, बोलायला गोड, केसांना जेल लावलेला. त्यानं नीट समजावून सांगितलं. मशीन आणि त्याची ड्राइव्ह यांची कारखान्यातच गाठ मारलेली असते. ड्राइव्हच्या पोटात एक गुप्त आकडा असतो. तो जुळला तरच मशीन तिला ओळखतं. या कंपनीची ड्राइव्ह आता मिळत नाही. त्याच्याकडं अशाच एका मोडीतल्या मशीनमधून निघालेली ड्राइव्ह होती, पण ती बनवलेली दुसऱ्या कंपनीनं.

"दुसऱ्या कंपनीची नाही जमत, मावशी."

मी डोळे मिटून घेतले. पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं.

"काय म्हटलं?"

"म्हणजे, तो आकडा जुन्या ड्राइव्हमधून काढून नवीत घालावा लागतो. त्यात जुनी मेली तर सगळंच गेलं. शिवाय वॉरंटी..."

"वॉरंटी गेली तवा तू पाळन्यात होता. जमत नाई म्हने! माह्या लग्नातबी हेच म्हटलं होतं लोकाइनं. दुसऱ्या घरची आहे, जमत नाई. बसव ती, मी पायतो कशी जमत नाई ते."

इंजिनियरनं शेवटचा उपाय केला. "मावशी, कायले त्रास घेता? नवीन मशीन घ्या ना. गेम नेटवरून उतरतात. डिस्कची कटकटच नाही."

"आन् माह्या घरच्या डिस्क?"

"त्या मग... शोभेला."

मावशीनं पिशवीतून एक डिस्क काढली, काकांनी घासून घासून आरशासारखी केलेली, आणि त्याच्या नाकासमोर धरली. "हे मी इकत घेतलं. माह्या घरात आहे, माह्या हातात आहे. नेटवरचं तर त्याइनं उद्या बंद केलं की गेलं. माह्या वस्तूले चालवाले मी दुसऱ्याची परवानगी काहून मांगू? सांग ना बे, काहून मांगू?"

इंजिनियर संगणक सुरू करून बसला. दुपार टळून गेली. मावशी त्याच्या खांद्यावरून बघत होती आणि बडबडत होती, "हळू. घाई नको करू. जुनीले सांग, तुही पोरगी चांगल्या घरी जाऊन राहिली, घाबरू नको." आकडा जुनीतून निघाला, नवीत बसला. पडद्यावर मोटार आली तेव्हा त्या पोरानं दोन्ही हात वर केले आणि आपण इंजिनियर आहोत हे विसरून कसली जोराची आरोळी ठोकली!

पण अडचण संपली नव्हती. त्या दुसऱ्या ड्राइव्हच्या तोंडाचा घाट निराळा. मशीनच्या खिडकीतून तिचं तोंड बाहेर येईना, झाकण बसेना. इंजिनियर म्हणाला, कापून बघू. मावशी म्हणाली, "कापाचं कायले? आत राहाची इच्छा नाई तिची, तर बाहेर राहू दे. वेगळं बिऱ्हाड करून देतो." घरी येऊन तिनं तारा लांबवल्या आणि अनारसे ठेवायच्या चौकोनी स्टीलच्या डब्यात ती ड्राइव्ह बसवली. एका बाजूनं तारा, दुसऱ्या बाजूनं डिस्कचा ट्रे. डिस्क घातली की डब्यातून असा आवाज निघायचा, की जणू आत भुंग्यांची वरात चालली आहे. खोकं एकीकडं, डबा एकीकडं, मध्ये तारांची नाळ. मी म्हटलं, "मावशी, हे पाहून लोक हसतील." ती म्हणाली, "हसू दे. हसाले तरी येतील."

मंडईचा दिवस उजाडला. चिंचेखाली आम्ही मांडामांड केली. पलीकडं साकोलीच्या गेमवाल्याचा टेम्पो उभा होता, सगळं सामान वरच, फक्त मावशी हरायची वाट. लांबून दंडारीचा ढोल ऐकू येत होता. मावशीनं बटण दाबलं, डबा गुणगुणला, पडद्यावर मोटारी लागल्या. पोरांनी गिल्ला केला. मी मोठा श्वास सोडला, आणि तिथंच चुकलो.

कारण मंडईची एक रीत आहे. समितीचा अध्यक्ष सकाळी सगळ्या दुकानांवरून फिरतो आणि प्रत्येक मांडणीवर हळद-कुंकू टाकून नारळ फोडतो. मावशी ते करत नसे, पण देवाजींना नकोही म्हणत नसे; पाहुण्याची रीत पाहुण्यापाशी. दरवर्षी ते टीव्हीच्या डोक्यावर चिमूटभर टाकून पुढं जायचे. या वर्षी टीव्हीच्या बाजूला चकचकीत नवा डबा दिसला. देवाजींना वाटलं, यंदाचा मान याचा. डिस्क बदलायला मावशीनं ट्रे बाहेर काढलेला. देवाजींनी भक्तिभावानं घसा साफ केला आणि भरली मूठ त्या उघड्या तोंडात सोडली. ट्रे आपणहून आत गेला. डबा एकदा खोकला. पडदा काळा.

त्यानंतर मावशीच्या तोंडून जे निघालं, त्यानं चिंचेवरचे पक्षी गोंदियापर्यंत उडाले आणि पुढच्या मंडईलाच परतले. मी ते इथं लिहीत नाही. देवाजी पांढरे पडले. हळद सगळीकडं होती, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

ढोल जवळ आला. दंडार शाळेपाशी पोचली. साकोलीचा गेमवाला टेम्पोचा फाळका खाली पाडायला लागला. मावशीनं डबा उघडला. भिंगावर कुंकवाचा थर. फडक्यानं पुसावं तर भिंगावर चरे जायचे. "स्पिरिट पाहिजे," ती म्हणाली. औषधाचं दुकान मंडईमुळं बंद. मालक जावयाला घेऊन दंडारीत.

मावशीनं मान वर केली. देवाजींकडं पाहिलं. नाक वर करून हुंगलं.

"देवाजी, खिशात काय आहे?"

"कुठं काय?" देवाजींनी घसा साफ केला.

"पहिल्या धारेची आहे ना? मोहाची?"

"मावशी, जावाई उभे आहेत ना जी..."

"जावयाले म्हना तिकडं पाहा. काढा!"

भर मंडईत, तीन जावयांच्या आणि सगळ्या सोयऱ्यांच्या समोर, समितीच्या अध्यक्षांनी बंडीच्या आतल्या खिशातून शिशी काढली. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मावशीनं वातीचा कापूस मोहाच्या पहिल्या धारेत बुडवला, टेस्टरच्या टोकाला गुंडाळला आणि श्वास रोखून भिंग पुसायला लागली. कापूस लाल झाला, दुसरा घेतला, तोही लाल, तिसरा गुलाबी. ढोल आता कानाशी आला होता. दंडारीतले नाचे चिंचेपाशी येऊन थांबले, कारण पुढं जायला वाटच नव्हती.

मावशीनं डिस्क घातली. डबा घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला. मावशी डब्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "आता मले लाजवू नको, माय." मावशीला हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मोटारी लागल्या.

आरोळी अशी उठली, की दंडारवाल्यांना वाटलं आपल्याला पाहून उठली. त्यांनी तिथंच फेर धरला. मावशीनं देवाजींना खुर्चीत बसवलं आणि रिमोट हातात दिला. "चालवा. तुमच्या दवाईवर चालून राहिलं." देवाजींनी पहिल्याच वळणावर मोटार समुद्रात घातली. साकोलीच्या गेमवाल्यानं फाळका पुन्हा वर केला. मावशी त्याच्याकडं गेली. मला वाटलं, आता हाणते. ती म्हणाली, "जागा देत नाई. ते सपन पाहू नको. पन मंडईत आला आहे, उपाशी जाजो नको. चल, जेवनाच्या डब्यात वडे आहेत." आणि तो बापडा चिंचेखाली बसून वडे खात म्हाताऱ्यांना मोटार वळवायला शिकवत राहिला.

ती ड्राइव्ह त्यानंतर चांगली चालली. दगा दिला तो मशीननं. पावसाळ्यात घर गळलं आणि आतला मुख्य सर्किट-बोर्डच जळून गेला. नागपूरच्या इंजिनियरनं फोनवर अर्धा तास हळहळ केली. यावेळी मावशीनं वाद घातला नाही. तिचे गुडघेही सुजले होते. माझी तोवर बदली झाली होती. मंडईच्या दिवशी मेहुणीकडं जायचं म्हणून मी तिकडं आलो. वाटलं, चिंचेखाली आता साकोलीवाला असेल.

चिंचेखाली मावशी बसली होती. समोर रिकामं टेबल. टीव्ही नाही, मशीन नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, सरकारी कचेरीतल्या मोठ्या साहेबासारखी. देवाजी लांब उभे राहून घसा साफ करत होते, पण जवळ जायची हिंमत त्यांना होत नव्हती.

"मावशी, मशीन कुठं आहे?" मी विचारलं.

"मशीन बंद पडली. मी कुठं बंद पडलो?"

"मग बसून काय करता?"

"बसून राहिलो. जागा माही आहे. इथं बसाचं मनानं, कोनाले इचारून नाई."

येणारे-जाणारे थांबत होते. कुणी पाणी आणून देत होतं, कुणाची लेक पाया पडत होती, एक म्हातारा टेबलावर हात फिरवून मागच्या वर्षीचं वळण कसं घ्यायला हवं होतं ते तावातावानं सांगत होता आणि मावशी त्याला मोडून काढत होती. मी जिलबी खाल्ली, मेहुणीकडं जेवलो. संध्याकाळी निघालो, तर ती अजून तिथंच. उन्हं तिच्या चष्म्यावर आलेली. शेजारी एक फुगेवाला येऊन टेकला होता आणि त्याच्या टोपलीची कड वीतभर मावशीच्या जागेत आली होती. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. समोर दंडार बघत बघत तिनं सुजलेला पाय पुढं केला आणि टोपली, फुग्यांसकट, हळूच पण पुरती, हद्दीबाहेर सरकवून दिली.